‘मला काय, तू म्हणशील तसं’

ताई,

मी ३६ वर्षांची आहे. पुण्यात नोकरी करते. लग्न केलेलं नाही, करणारच नाही असंही ठरवलेलं नाही. वडील गेले, आई नाशिकला दादाकडे असते. माझी आत्या कराडला एकटी राहते. ती ६७ वर्षांची आहे, शाळेतून निवृत्त झाली, पेन्शन आहे, मूलबाळ नाही. मामा, म्हणजे तिचे यजमान, २०१३ साली गेले. तिचे सासरे त्याआधीच गेले होते, सासूबाई २०१५ साली गेल्या. दीर आणि नणंद आहेत, येणंजाणं सणावारापुरतं. अकरावी-बारावी मी आत्याकडे राहून केली, त्यामुळे ती मला आईच्या जागी आहे.

गेल्या पावसाळ्यात ती अंगणात घसरून पडली, मनगट मोडलं. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं आणि मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून ठरवलंय की आता एकत्र राहायचं. सिंहगड रस्त्यावर ९२ लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट पाहिलाय, जुना आहे पण बरा आहे. कराडचं घर विकून आत्याचे ५० लाख येतील, माझी शिल्लक १५ लाख, बाकीचं कर्ज. कराडची जागा मामांच्या नावावर होती, आता उताऱ्यावर आत्याचं नाव लागलंय. बँकेतला माणूस म्हणतो, आत्याचं नाव करारात घालू नका, कर्ज पटकन होईल. दादा म्हणतो, माझं नाव घाल, पुढे सोपं जाईल. मालक टोकन मागतोय. आत्याला विचारलं तर म्हणते, ‘मला काय, तू म्हणशील तसं.’ काय करू?

— पुतणी, पुणे

प्रिय पुतणी,

तुझ्या पत्रातलं आत्याचं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आपल्याकडे या वयाच्या बाया हे वाक्य दोन वेळा बोलतात. मनापासून चालणार असतं तेव्हा, आणि अजिबात चालणार नसतं पण समोरच्या माणसाचं मन मोडवत नाही तेव्हाही. आवाज दोन्ही वेळा सारखाच असतो. तू तिच्या घरात वाढलीस, तुला फरक ओळखता येईल, पण त्यासाठी तिच्यापुढे बसावं लागेल. फोनवर ते कळणार नाही.

ती पडली तेव्हा तिला शेजाऱ्यांनी उचललं, हे तूच लिहिलंयस. सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये तू सकाळी नऊला निघून रात्री आठला परतशील. तेवढ्या वेळात ती न्हाणीघरात पडली तर दार कोण उघडणार? कराडला निदान अंगणातून हाक ऐकू जाते. एकत्र राहूच नका असं माझं म्हणणं नाही. ज्या भीतीपोटी तू हे सगळं करायला निघालीस, ती भीती नुसत्या घरखरेदीने जात नाही, एवढं लक्षात घे.

आता कराडच्या घराचं बोलू. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते आणि तुझ्या पत्रात त्याला एकच ओळ आहे.

जागा मामांच्या नावावर होती. मामांनी मृत्युपत्र केलं होतं का, हे तू लिहिलेलं नाहीस. केलं नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू होतो. त्यानुसार मूलबाळ नसलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत बायको असते, तशी आईही असते. मामा २०१३ साली गेले तेव्हा सासूबाई हयात होत्या. म्हणजे त्या दिवशी घर अर्धं आत्याचं झालं आणि अर्धं सासूबाईंचं. २०१५ साली सासूबाई गेल्या. त्यांनीही मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांचा अर्धा हिस्सा त्यांच्या मुलांकडे गेला, म्हणजे दीर आणि नणंद यांच्याकडे, चौथाई-चौथाई. त्यात विधवा सुनेला काही मिळत नाही. त्या घराच्या विटा आत्याच्या पगारातून आल्या असतील, तरी कागदावर हिशोब असा होतो.

‘पण उताऱ्यावर तिचंच नाव आहे ना?’ असं तू म्हणशील. उतारा घरपट्टीचा असो की सिटी सर्व्हेचा, नाव लागलं म्हणून मालकी ठरत नाही. पट्टी कोणाकडून घ्यायची, नोंद कोणाच्या नावे ठेवायची, एवढ्यापुरती ती व्यवस्था असते. घर घेणाऱ्याचा वकील सर्च काढेल, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासेल, तेव्हा त्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येईल: सासूबाईंच्या हिश्श्याचं काय झालं? तेव्हा दीर-नणंदेचं नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागेल, किंवा विक्रीच्या कागदावर त्यांच्याही सह्या. ते देतील, कदाचित आनंदाने देतील. कदाचित पैसे मागतील, आणि कायद्याने ते मागणं गैर ठरणार नाही. तसं झालं तर तू मोजलेले ५० लाख २५ होतात आणि सगळं गणित कोसळतं. तोवर टोकन गेलेलं असेल, पुण्याच्या मालकाने तारीख दिलेली असेल आणि दोन्हीकडून ओढाताण सुरू होईल.

म्हणून टोकन द्यायच्या आधी कराडच्या वकिलाला मामांचा मूळ खरेदीदस्त, मामा आणि सासूबाई दोघांचे मृत्यूचे दाखले आणि उतारा दाखव. दीर-नणंदेकडे आत्याने स्वतः जावं, तू सोबत जा. वकिलाची नोटीस आधी पोचली तर सणापुरतं राहिलेलं येणंजाणंही संपेल.

बँकेतल्या माणसाच्या सल्ल्याकडे वळते. माझ्या एका मावशीने सांगलीचं घर विकलं आणि पैसे भाच्याच्या मुंबईच्या फ्लॅटमध्ये घातले. तिलाही असंच सांगितलं होतं: वय जास्त आहे, कर्ज अडेल, नाव नंतर घालू. ते नंतर कधी आलंच नाही. भाचा वाईट नव्हता. त्याचं लग्न झालं, मुलं झाली, घर भरलं. मावशीची खाट आतल्या खोलीतून हॉलमध्ये आली आणि मग हॉलमधल्या कोपऱ्यात. कोणी तिला एक शब्द वावगा बोललं नाही. पण आपल्या पैशाच्या घरात ती पाहुण्यासारखी वागायला लागली, फ्रीज उघडतानाही विचारायची. मी तेव्हा कमावती होते, माझी ओळखीची वकील मैत्रीण होती, आणि मी गप्प बसले, कारण नात्यात कागद काढणं मला कसंसंच वाटलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुला ठासून सांगते: आत्याचा एक रुपया जरी त्या घरात जाणार असेल, तरी करारात तिचं नाव पहिल्या दिवसापासून हवं. कर्ज त्यामुळे अडत असेल तर दुसरी बँक बघ. तिथेही अडलं तर लहान घर बघ.

बँकेची अडचण खोटी नसते, हेही खरं. बहुतेक बँका सगळ्या मालकांना सहकर्जदार करून घेतात, कर्ज साधारण सत्तर-पंचाहत्तरीच्या आत फिटावं अशी त्यांची अट असते आणि काही बँकांना आत्या-पुतणी हे नातं सहकर्जासाठी चालत नाही. चार ठिकाणी विचारावं लागेल. आत्या सहकर्जदार झाली तर तुझी नोकरी गेल्यावर बँक तिच्या पेन्शनकडे बघणार, हे तिला साध्या शब्दांत सांगून ठेव. खर्चाचा आकडाही नीट मांड. ९२ लाखांवर पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के पडतं. सगळे खरेदीदार स्त्रिया असतील तर १ टक्का सवलत मिळून ६ टक्के. (सरकारी दराने निघणारी किंमत ९२ लाखांहून जास्त निघाली तर शुल्क तिच्यावर लागतं.) म्हणजे ५ लाख ५२ हजार आणि नोंदणी फी ३० हजार. एकूण ९८ लाखांच्या घरात जातं. दादाचं नाव घातलंस तर सवलत जाते आणि ९२ हजार जास्त भरावे लागतात. पण पैशाचं सोड. ज्याने रुपया घातलेला नाही त्याचं नाव दस्तात घालणं म्हणजे उद्याच्या भांडणाला आजच जागा करून देणं. दादाला प्रेमाने नाही म्हण.

आत्याचे ५० लाख खरोखर आले असं धरलं तरी तुला ३३ लाखांचं कर्ज लागेल. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साडेअठ्ठावीस हजारांच्या पुढे जातो. तितक्या रकमेचा टर्म विमा आधी घे, मग सही कर.

आणि ते ५० लाख सगळेच्या सगळे भिंतीत घालू नका. दहा-बारा लाख तिच्या एकटीच्या नावावर बाजूला राहू देत. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि दर तिमाहीला व्याज हातात येतं. गुडघ्याचं ऑपरेशन आलं तर बेडरूमचा कोपरा विकता येत नाही. त्यासाठी फ्लॅट लहान घ्यावा लागला तरी चालेल.

दस्तात दोघींचे हिस्से टक्क्यांत लिहून घ्या. संपत्ती हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ४५ सांगतं की वेगवेगळ्या पैशांतून एकत्र खरेदी केली तर हिस्से घातलेल्या पैशांच्या प्रमाणात धरले जातात, आणि कोणी किती घातले याचा पुरावा नसेल तर समसमान. म्हणून पुरावा जपा. आत्याचे पैसे तिच्या खात्यातून थेट विकणाऱ्याच्या खात्यात जावेत, तुझ्या खात्यातून फिरून नकोत. कराडच्या घरावर भांडवली नफ्याचा कर येईल. तो वाचवायला नव्या घरात तिचं नाव आणि तिचेच पैसे दिसावे लागतात. जुनं घर विकल्यापासून दोन वर्षांत खरेदी झाली की चालते, किंवा विक्रीच्या आधीच्या एका वर्षात झालेली. महिन्याभरात उरकायची गरज कायद्यालाही नाही.

यापुढची गोष्ट बहुतेक घरांत कोणालाच माहीत नसते.

समजा सगळं नीट झालं. घर दोघींचं आहे, पाच वर्षं सुखाने गेली आणि आत्या गेली. मृत्युपत्र नाही. तिचा हिस्सा कोणाला? तू म्हणशील मला, मीच तर आहे तिची. कायदा तसं म्हणत नाही. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली आणि तिला मूल वा नवरा नसेल, तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील त्यानंतर येतात आणि वडिलांचे वारस, म्हणजे तुझी आई आणि तुम्ही भावंडं, त्याच्याही नंतर. म्हणजे तुझ्या सिंहगड रस्त्यावरच्या घरात अर्धे मालक म्हणून आत्याचे दीर-नणंद येतील, किंवा त्यांची मुलं. फ्लॅटच्या मधोमध भिंत घालता येत नाही. त्यांना पैसे हवे असतील तर ते वाटपाचा दावा लावतील आणि शेवटी घर विकायची वेळ येईल.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा वारला, सासरच्यांनी त्या बाईला घराबाहेर काढलं. ती माहेरी राहिली, शिकली, नोकरी केली. १९९६ साली ती गेली, मृत्युपत्र नव्हतं. तिच्या साऱ्या कमाईवर हक्क नवऱ्याच्या बाजूच्या वारसांचा ठरला. न्यायालयाने म्हटलं की सहानुभूती आहे, पण कायदा स्पष्ट आहे. मला हा कायदा अन्यायाचा वाटतो आणि तो बदलावा असंही वाटतं. बदलेपर्यंत आपल्या हातात एकच कागद आहे.

तो कागद स्वस्त आहे. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, फी नाममात्र असते. डॉक्टरांचा दाखला जोडा. साक्षीदार आत्याच्या ओळखीचे आणि तिच्याहून तरुण असावेत, तू त्यात नसावंस. शक्यतो वकिलाशी बोलताना तू खोलीतही नसावंस. तिने आपला हिस्सा तुलाच दिला पाहिजे असं नाही. कोणाला द्यायचा हे तिचं तिला ठरवू दे. तुझ्यासाठी महत्त्वाचं इतकंच की तिने ठरवलेलं असावं आणि ते तुला आधी माहीत असावं.

‘बक्षीसपत्रच करून टाका’ असं कोणी सुचवेल. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक फक्त २०० रुपये लागतो, पण पुतणी त्या यादीत बसत नाही. तिथे पूर्ण शुल्क पडतं. शिवाय बक्षीस दिलं की ते आजपासून गेलं. हयातीत हातचं सोडू नये, हे मी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला सांगते आणि आत्याला तूच सांग. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळलं नाही तर परत मिळवायची सोय ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात आहे, पण त्यासाठी म्हातारपणी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

मृत्युपत्र तुलाही करायचंय. छत्तिसाव्या वर्षी विचित्र वाटेल. पण उद्या तुला काही झालं तर तुझा हिस्सा तुझ्या आईकडे जाईल, आणि कर्जासकट घरात तुझी आई आणि आत्या या नणंद-भावजया मालक म्हणून उरतील. त्यांचं एकमेकींशी कसं आहे, तुला माहीत. लग्न केलंस तर तुझा वारस नवरा. म्हणून तुझ्या मृत्युपत्रात एवढं तरी असू दे की आत्याला हयातभर त्या घरात राहायचा हक्क आहे आणि तिला कोणी उठवू शकणार नाही. लग्न ठरायच्या आधी त्या मुलालाही हे माहीत असावं. हे ऐकून तो मागे सरला तर सरू दे.

सोसायटीतलं नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे, हेही नोंदव. नामनिर्देशित माणसाचं नाव सोसायटी तात्पुरतं लावते, मालकी वारसा हक्काने किंवा मृत्युपत्रानेच ठरते. ‘नॉमिनी लावलाय, आता काळजी नाही’ या समजुतीवर कितीतरी घरं फसलेली मी पाहिली आहेत.

याशिवाय दोघींत एक साधा करारनामा लिहून ठेवा: हप्ता कोण भरणार, मेंटेनन्स कोण, कोणाला बाहेर पडायचं झालं तर किंमत कशी ठरवायची, दुसरीला पैसे उभे करायला किती महिने द्यायचे. आत्याला कराडला परत जावंसं वाटलं तर तिला तिचे पैसे कसे मिळतील, हे त्यात सगळ्यात आधी लिहा.

आणि त्या परतीसाठीच माझं सांगणं आहे की आत्ता घर घेऊच नकोस. पुण्यात ११ महिन्यांच्या करारावर, लिफ्ट असलेल्या इमारतीत, दोन खोल्यांचं घर भाड्याने घे. कराडचं घर विकू नका, कुलूप लावा. न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घे, दिवसा दोन-तीन तास येणारी बाई बघ. आत्या संध्याकाळी खाली उतरून कोणाशी बोलते का, भाजी कुठून आणते, देवळात जाते का, रात्री झोप लागते का, हे बघ. तुझंही बघ. तू बारावीला तिच्या घरी होतीस तेव्हा तिचे नियम होते, आता दोघींचं घर असेल. तुझे रात्री उशिराचे कॉल, तिचा पहाटेचा रेडिओ, तुझ्या मित्रमैत्रिणींचं येणं. अकरा महिन्यांचं भाडं वाया गेलं असं तुला वाटेल. मला ते या सगळ्या व्यवहारातले सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे वाटतात. तोवर कराडच्या कागदांचं कामही मार्गी लागेल.

येत्या शनिवारी कराडला जा. फ्लॅटचे फोटो नेऊ नकोस. तिच्यासोबत भाजी निवडत बस आणि विचार, ‘आत्या, मी नोकरीसाठी पुण्यात नसते तर तू काय केलं असतंस?’ उत्तर लगेच येणार नाही. थांब. ती म्हणाली की मला इथेच राहायचंय, तर अंगणातली फरशी बदलून घे, कठडा लाव, शेजाऱ्यांचा नंबर तुझ्याकडे आणि तुझा त्यांच्याकडे ठेव, म्हणजे पुढच्या वेळी तुला दुसऱ्या दिवशी कळणार नाही. ती म्हणाली की येते, तर भाड्याचं घर तिच्यासोबत जाऊन बघ.

त्याआधी आज संध्याकाळी फ्लॅटच्या मालकाला फोन कर आणि टोकन देत नाही म्हणून सांग.

— तुझी ताई